मुंगवड्या टाकायले कॉलेज

पिपरी मेघे, मंगळवार

आईले उज्वलाचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहो. मेसचं जेवण बरं असते, वरणात पाणी जरा सढळ हातानं टाकतात एवढंच.

आता ऐक. शनिवारी आमच्या कॉलेजात खाद्यमेळा आहे. त्यासाठी आमच्या पाकशास्त्राच्या मॅडमनं सगळं मोजूनमापून मुंगवड्या टाकल्या अन् मशीनमधी वाळवल्या. त्या रश्श्यात शिजता शिजेनात! मी म्हटलं, "मॅडम, वाटलेली डाळ फेसलीच नाई." पोरी हसल्या. मग मी तुह्यासारखी हात भरून येईपर्यंत डाळ फेसली अन् वाटीभर पाण्यात चिमूटभर टाकून दाखवली. तरंगली! त्या डाळीच्या वड्या वाळवून रश्श्यात टाकल्या, तं अशा फुलल्या का प्राचार्य सरांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

मॅडम म्हणे, "कोणत्या पुस्तकात वाचलं?" मी म्हटलं, "आईच्या बाजूले बसून शिकली." तर शनिवारी शिकवायले त्यांनी तुलेच बोलावलं आहे. मंडपातल्या पाटीवर नावही लिहून झालं: पंचफुलाबाई भोयर, रोहणा.

लाजू नको. सकाळच्या गाडीनं येजो, हिरवं लुगडं नेसजो. खांदा अजून दुखते का? फेसायचं मी करीन, तू नुसतं सांगजो.

बाबा माहा फोन घेत नाई, म्हणून हे लिहिलं. मी निघाली तवा ते म्हणलते, "वड्या टाकायले कॉलेज कायले पाह्यजे?" त्यायले हे मोठ्यानं वाचून दाखवजो. बाबा, तुमचंच खरं निघालं. वड्या टाकायले कॉलेज नाई लागत. पण कॉलेजले वड्या टाकायले माही आई लागते!

तुमची पोरगी,
उज्वला