पन्नास मिनिटांचं विमान

दादा,

किल्ली घेतलीस ना, आता बूट काढायच्या आधी हे वाच. बाबांना ऑपरेशनला घेऊन गेलेय. साडेनवापर्यंत तुझी वाट पाहिली.

"तीनशे दहा किलोमीटर, पन्नास मिनिटं, आठला दारात हजर," असं काय ठणकावून सांगितलं होतंस! अरे, तुझ्या गावाहून इथे थेट विमानच नाही. कुठल्याशा साइटने नकाशावर सरळ रेघ ओढली आणि तू ती बाबांच्या गळ्यात मारलीस. मध्ये विमान बदलून सात तास लागतात, हे मला आज सकाळी कळलं. तुला तर काल तिकीट काढतानाच कळलं असणार, तरी मूग गिळून बसलास. ज्या माणसाने बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रकं आखली, तो सहापासून कपडे करून, उपाशीपोटी, घड्याळाकडे बघत बसला होता.

नेहमीचाच दवाखाना, दुसरा मजला. आलास तसाच निघ.

धुक्यामुळे तुझं विमान अडकलंय, असं मी बाबांना सांगितलंय. ते शुद्धीवर आले की तूही तेच सांग. तुझ्यावर चिडायला मी एकटी पुरे आहे.

धाकटी