एकाच सीटची गाडी

प्रिय बाबा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध, आणि मी घरी नाही. दहिसरला आईने एव्हाना हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला असेल, भाऊकाकांनी केळीच्या पानांसाठी अख्खं मार्केट पालथं घातलं असेल. मी मात्र कोईम्बतूरच्या हॉटेलात बसले आहे. सकाळी क्वालिफायिंग झालं, कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरलं, उद्या सीझनची शेवटची रेस. तुझ्याशी एक भांडण राहून गेलंय ना, ते रेसच्या आधी उरकून टाकावं म्हणून लिहिते आहे.

आधी परिस्थिती सांगते, म्हणजे मध्येमध्ये बोलणार नाहीस. फॉर्म्युला फोरमध्ये मी गुणांत दुसरी आहे. उद्या मी पहिल्या नंबरवरच्या मुलाला मागे टाकलं तर चॅम्पियनशिप माझी, आणि चॅम्पियनला परदेशातली एक टीम वरच्या पायरीच्या, फॉर्म्युला थ्रीच्या, टेस्टला बोलावते. नाही टाकलं, तर पुढच्या वर्षी मला गाडी मिळेल की नाही हे माझ्या टीमलाही माहीत नाही. ती पायरी या खेळात कुणासाठी थांबून राहत नाही रे.

भाऊकाकांना हे सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "रेस पुढल्या वर्षाक पण असतली गो. बापाशीचा पयला वर्षश्राद्ध परत येवचा नाय." बोलणं खोटं नाही. म्हणून तर जास्त राग आला. मी बॅग भरली आणि निघाले.

पण मला सांग, याला सुरुवात कुणी केली? मी केली? माझ्या वाढदिवसाला घाटकोपरच्या त्या मॉलच्या गच्चीवर कार्ट, ती रेसची बुटकी गाडी, चालवायला मला कोण घेऊन गेलं होतं? काउंटरवरच्या माणसाला तू काय म्हणालास ते अजून आठवतं. "मी बाजूला बसतो हां, मुलगी लहान आहे." तो हसला, "अंकल, एकच सीट असते." तुझा चेहरा काय पडला होता! जणू कुणी तुझं लायसन्स काढून घेतलं.

आयुष्यभर तू मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटवर बसलास. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, पण तुझ्या पायाखाली तुझा वेगळा ब्रेक. दहिसर-बोरिवलीतल्या निम्म्या बायका तुझ्या त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी शिकल्या. कुणी चुकलं की तू ओरडायचा नाहीस, नुसता पाय दाबायचास. हळूहळू ती सवय सगळीकडे शिरली. रिक्षात बसलास तरी पाय दाबायचास. सोफ्यावर बसून टीव्हीवर पाठलाग बघतानाही दाबायचास, आणि आई म्हणायची, "लादी फुटेल हो!"

त्या दिवशी गच्चीवर, टायरांच्या भिंतीमागे उभा राहून तू प्रत्येक वळणावर पाय दाबत होतास. मी मात्र नाही दाबला. फेरी संपवून आले तेव्हा तुझी चप्पल तुटली होती आणि तू हसत होतास. "केतू, तुका भीती नाय वाटली?" मी म्हटलं, "परत जाऊ?"

मग आपण परत परत जातच राहिलो. भाड्याच्या कार्टवरून शहरातल्या स्पर्धा, तिथून राष्ट्रीय कार्टिंग, मग मुलींसाठीची निवड चाचणी, आणि तिथून फॉर्म्युलाची गाडी. उघडी चाकं, डोक्यावर छप्पर नाही, आणि सीट एकच. प्रत्येक पायरीला तू विचारायचास, "ह्याच्यात तरी बाजूला बसूक जागा असा?" टीमचे लोक हसायचे. त्यांना वाटायचं, अंकल काय झकास जोक मारतात!

माझ्या पहिल्या फॉर्म्युला रेसची तुझ्यामुळे वाट लागली, हे मान्य कर. नवी गाडी म्हणून तू पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या टीमच्या गॅरेजात, मागच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवलीस. दसऱ्याला ट्रेनिंग स्कूलच्या गाड्यांना ठेवायचास तशी! अरे, ते टायर गुळगुळीत असतात, जरा ओले झाले तरी घसरतात. मेकॅनिकने पाहिलं, सगळे धावले, लिंबं काढली, रबर पुसून कोरडं केलं. तोवर पिटच्या तोंडाशी लाल दिवा लागला, म्हणजे बाहेर पडायची वाट बंद. बाकीच्या गाड्या ग्रिडवर, सुटायच्या जागी, जाऊन उभ्या, आणि मला सगळे सुटल्यावर पिटमधूनच निघावं लागलं, शेवटून पहिली. आणि तू वर टीमच्या मॅनेजरशी हुज्जत घातलीस, "लिंबू नाय ठेवूचा तर मग काय हेल्मेट ठेवूचा?" त्या रेसमध्ये मी सात गाड्या मागे टाकल्या. घरी येताना तू म्हणालास, बघ, लिंबाने केलं. मी तुझ्याशी बोरिवलीपर्यंत बोलले नाही.

मग चेन्नईचा तो अपघात. दुसऱ्याचं चाक माझ्या चाकावर चढलं, गाडी उलटी झाली, गळ्याचं हाड मोडलं. ते जुळलं, मी परत गाडीत बसले. तू मात्र ट्रॅकवर यायचा बंद झालास. फोनवर निकालसुद्धा विचारायचा नाहीस. फक्त म्हणायचास, "इलंस मा घराक? बरा झाला." मला वाटायचं, रुसलाय, येईल. का नाही आलास रे? एकदा तरी यायचंस.

मग तू आजारी पडलास, आणि हॉस्पिटलात ते बोललास. आई औषधं आणायला खाली गेली होती, भाऊकाका दाराशी उभे होते. तू माझं मनगट धरलंस, आणि किती जोर होता त्या हातात! "आता पुरे कर गो बाय. ती गाडी सोड." दुसऱ्या दिवशी तू गेलास.

हे भांडण आहे, बाबा. माझं उत्तर ऐकायलाही थांबला नाहीस!

दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर पिंड ठेवून सगळे लांब उभे. झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. लोक एकेक पुढे होऊन हात जोडून सांगू लागले. आईने सांगितलं, मी नीट राहीन. काकांनी सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. काही नाही. मग काका माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर म्हणाले, "केतकी, त्येचा जीव खंय अडाकलाहा ता तुका ठावक असा. सांग त्येका, गाडी सोडतंय म्हणान."

सगळे माझ्याकडे बघत होते. आई खाली बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, बाबा. खोटं बोलले असते तरी चाललं असतं, नंतर कोण विचारणार होतं? मी पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, मी गाडी सोडणार नाही."

कुणीतरी "अगं, अगं" केलं. कावळा आला नाहीच. ऊन चढलं तशी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. काका दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. आपल्या मजल्यावर अजून चर्चा आहे की दहिसरच्या कावळ्यांनासुद्धा माझं बोलणं पटलं नाही. न पटू दे! जिवंतपणी तू कुणाला आपल्या घरच्या गोष्टीत बोलू दिलं नाहीस, मी कावळ्याला का बोलू देऊ?

आणि ते दुसरं, "पोरीच्या काळजीने बाप झिजला." हे तर मला लिफ्टमध्ये ऐकवतात. दिवसाला अख्खं पाकीट ओढायचास, जिन्यात लपून ओढायचास, त्याचं नाव कुणी काढत नाही. डॉक्टरांनी काढलं होतं. पण सिगरेट कुणाची मुलगी नसते ना, तिला कोण टोमणे मारणार?

मला माहीत आहे तू तसं का बोललास. तू घाबरला होतास. बाजूची सीट नव्हती, पायाखाली ब्रेक नव्हता, म्हणून हात धरलास. मला समजतं रे. समजतं, आणि तरीही मी ऐकणार नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मी वर्षभर काकांना सांगतेय. त्यांना जमत नाही. तुला जमेल?

मघाशी आईचा फोन आला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जेवलीस?" मग म्हणाली, "भाऊजी म्हणत होते, मुलगीच नाही तर पानापुढे हात कोण जोडणार. मी म्हटलं, बायको आहे की!" ती पुढे म्हणाली, "हे बघ केतू, त्यांना काय सांगायचं ते मी उद्या सांगते. सत्तावीस वर्षं सांगत आलेय. तू तुझं बघ." तुझ्या बायकोला तू कधी नीट ओळखलंच नाहीस, असं मला आज पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतर टीमची प्रसिद्धी सांभाळणारी मुलगी आली. चांगली आहे, मनापासून काम करते. तिला माझ्या हेल्मेटवर तुझा फोटो लावायचा होता आणि खाली "बाबांचं स्वप्न". म्हणाली, "लोक रडतील यार, आणि तू जिंकलीस तर स्पॉन्सर रांग लावतील." खरंच लावतील. मी नाही म्हटलं. ती चक्रावली. "का? तुझ्या बाबांना आनंद नसता झाला?"

मी तिला उत्तर दिलं नाही. तुला देते.

उद्या जिंकेन असं वचन मी देत नाही, ते कुणालाच देता येत नाही. माझं वचन वेगळं आहे. मी तुला खोटा करणार नाही. तू हॉस्पिटलात गाडी सोड म्हणालासच नाहीस, असं कधी कुणाला सांगणार नाही. वरून आशीर्वाद देतोयस असंही म्हणणार नाही. उद्या जिंकून बक्षिसाच्या पायरीवर उभी राहिले आणि कुणी माईक पुढे करून विचारलं, की हे वडिलांचं स्वप्न होतं ना, तर सगळ्यांसमोर सांगेन: नाही. माझ्या बाबाला माझा जीव हवा होता. गाडी मला हवी होती.

तुझीच,
केतू