घारापुरीहून पिशवीत आलेला किडा

बाबा, तुला जाऊन किती वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर घारापुरीला गेलो होतो. उरणजवळ द्रोणागिरीला फ्लॅटवर येऊन पिशवी उपडी केली, तर नखाएवढा किडा बाहेर पडला, पाठीवर सोन्याचं पाणी दिल्यासारखा. निघताना मी पिशवी झटकलीच नव्हती.

तू होडीतून बेटावरचं गवत आणायचास. निघण्याआधी प्रत्येक भारा धक्क्याच्या दगडावर आपटायचास, आतले किडे तिथंच पडावेत म्हणून. मी कंटाळून म्हणायचो, चल ना. तू म्हणायचास, "त्यांना आपल्याकरं खायला काय हाय? मरतील उगाच." बेटावरही किड्यांच्या तुझ्या वाटण्या ठरलेल्या. खाडीकडच्या खाऱ्या चिखलात, तिवरांच्या झाडांवर राहतात ते वेगळे. उघड्या खडकावर उन्हाळ्यात मुंग्याच टिकतात. दोन डोंगरांमधल्या घळीत वारा लागत नाही, ओल राहते, म्हणून फुलपाखरं तिथं. एवढंसं बेट, तरी जरा पुढं गेलं की किडे का बदलतात, हे तेव्हा विचारायला सुचलं नाही. आता माझ्या चौथीच्या शिक्षणावर ताडून बघतोय.

सूनबाई म्हणाली, "अप्पा, किड्याचं कसलं टेन्शन घेता? सोसायटीच्या गार्डनमध्ये सोडा ना!"

"त्या गार्डनमध्ये मलाच करमत नाही, तो काय खाणार?"

ती हसली, पण लोणच्याची रिकामी बरणी तिनंच धुऊन दिली.

बरणीत त्याचं सोनं उतरायला लागलं. मळकट तांबडा दिसू लागला. माझा जीव घाबरा झाला. परत नेऊन सोडायचा, पण कुठं? पिशवी मी घळीतही टेकवली होती आणि धक्क्याजवळच्या वाळूतही. चुकीच्या अंगाला सोडला तरी तो मरणारच. शेवटी दोन पानं आत ठेवली, एक घळीत असतं तसं सागाचं, दुसरं उरणच्या किनाऱ्यावरून आणलेलं, वाळूत पसरणाऱ्या मर्यादवेलीचं. सागाला तो शिवला नाही. वेलीच्या पानाला सकाळी गोल भोकं पडलेली, आणि पाठ पुन्हा सोन्याची!

म्हणजे वाळूच्या अंगाचाच ना? वाळू आहे म्हणून वेल, वेल आहे म्हणून हा. तू नुसतं बघून सांगितलं असतंस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? एक मात्र सांगतो. आज त्याला परत न्यायला बोट होती. सूनबाईला म्हटलं, वारा फार आहे. वारा नव्हता, बाबा. मला त्याला अजून एकदा पान खाताना बघायचं होतं.