बत्तीस अँपिअरचा शहाणपणा

७ डिसेंबर, रविवार

लोणी भापकरला आईच्या घरी आले आणि बाथरूमच्या दारातच थबकले. पाणी तापवायच्या रॉडची वायर तीन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधलेली. पिनेचा एक पाय मोडलेला — तोही अर्थिंगचाच! वर बोर्डात पाहिलं, तर दहा अँपिअरच्या जागी बत्तीसचा एमसीबी.

हे आमच्या धाकट्या बंधूंचं, रविराजचं, कर्तृत्व. "दहाचं सारखं पडायचं, ताई. रॉड लावून मिक्सर फिरवला की गेलीच लाईट. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतलं बत्तीसचं आणून बसवलं. आता पडतंय का बघ!"

पडत नाही, हाच तर घोळ! एमसीबी असतो तारेच्या राखणीला — तिला झेपेना इतका करंट गेला की पडायला. भिंतीतली तार दीड एमएमची, पंधराएक अँपिअर झेपणारी. ती भाजून निघेल आणि हा बत्तीसवाला ढिम्म बघत बसेल. कुत्रं भुंकून झोपमोड करतं म्हणून कुत्रंच विकणारी माणसं आपण! वर विचारणार — कसं शांत वाटतंय?

८ डिसेंबर

बारामतीत परतले. भावजयीचा, दिपालीचा, हळू आवाजात फोन — "ताई, ती दुसरी पेटी बी डायरेक्ट केलीया त्यांनी." म्हणजे ईएलसीबी! करंट कुठं गळाला की घराची लाईट तोडणारी. का वगळली? "तिचं लय नाटक हुतं म्हनं."

नाटक!!

११ डिसेंबर

इंदापूरला व्याख्यान. विषय 'विज्ञाननिष्ठ समाज'. माईकवाल्यानं उघड्या तारा सॉकेटात खुपसून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या. म्हटलं, पिन आणल्याशिवाय तोंड उघडणार नाही. अध्यक्ष हसले, "म्याडम, आमच्यात असंच चालतं!" अर्धा तास सभा खोळंबली. पिन आली, मग त्या काड्यांवरच बोलले. टाळ्यांचा कडकडाट. खाली उतरले, तर माईकवाला पुढच्या कार्यक्रमासाठी त्याच काड्या शोधत होता.

१४ डिसेंबर

लोणीत जेवतानाच रविराजशी जुंपली. मी म्हटलं, आईला काही झालं तर? "तुझ्याकडं गिझर हाय म्हणून बोलतीस. हितं पहाटं पाणी कोण तापवणार?" मी त्याला अडाणी म्हटलं. "तू कालेजात शिकव. मी रोज मोटर चालवतो, लाईट मला नको शिकवू."

शेजारचे गेणबा तात्या मध्ये पडले — "पोरी, लाईट भित्र्यालाच धरती बघ." काय सिद्धांत! माझी सगळी पुस्तकं रद्दीत घालावीत.

आई ताट तसंच सोडून उठली.

१५ डिसेंबर

रविराजचा फोन नाही. मीही करणार नाही.

२० डिसेंबर

कुणाला न विचारता बारामतीहून सिद्धू वायरमनला घेऊन गेले. एक नवा गिझरही नेला. सिद्धूनं बोर्ड उघडला. तारेवरचं प्लॅस्टिक पापडासारखं मोडलं, आत काळं. "दादा, ही धुमसत हुती. भिंतीत झाकलीया म्हणून दिसली न्हाय." रविराजचं तोंड पाहण्यासारखं झालं!

जळकी तार काढली. गिझरला जाड तारेची वेगळी लाईन, तिला सोळाचा एमसीबी. मिक्सरच्या लाईनला पुन्हा दहाचाच. ईएलसीबी जोडली आणि सिद्धूनं मुद्दाम जुना रॉड पत्र्याच्या बादलीतल्या पाण्यात लावून बघितला — खट्! सगळं घर बंद. पुन्हा लावला. पुन्हा खट्. रॉडला चीर गेलेली, करंट पाण्यात उतरत होता. ती पेटी बिचारी खरं बोलत होती, आणि आम्ही तिचंच तोंड बांधलं.

रविराजनं रॉड उचलून भंगारात टाकला. मी जिंकले! असा विजय कुठल्या व्यासपीठावर मिळाला नव्हता.

२१ डिसेंबर

आई अंघोळ करून आली. केस पुसता पुसता म्हणाली, "आज पाणी चावलं न्हाय."

कधीपासून चावत होतं?

"साखर कारखाना सुरू झाल्यापास्नं, दीड म्हैना झाला की. रोजच."

मग सांगितलं का नाहीस!

"सांगितलं आसतं, तर तुमी दोघं आणिक भांडला आसता."