कॅसेटमधली आई

१३ सप्टें. ९६, शुक्रवार, शारजा
मुक्ता आली एकदाची. साताऱ्याहून वन्सं घेऊन आल्या, आठ दिवस राहतील. माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा दीड महिन्यांची पोर त्यांच्या ओटीत घातली होती. आता साडेतीन वर्षांची. मला बघून म्हणाली, "काकू, पाणी द्या ना."
पोटच्या पोरीची काकू झाले.

२२ सप्टें.
वन्सं काल गेल्या. मुक्ता रडली नाही. दुपारी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. कॅसेटी मीच पाठवलेल्या, दर महिन्याला एक, अंगाई नि गोष्टी. इथल्या सगळ्याच नोकरीवाल्या बायका पाठवतात, मी काय जगावेगळं केलं! टेपला कान लावून पडली. मी शेजारी बसून तीच अंगाई म्हणू लागले, तर, "गप्प बसा ना काकू. आई बोलतेय."
माझाच आवाज. माझाच!

४ ऑक्टो.
जिन्यावर पडली, गुडघा फुटला. हूं नाही की चूं नाही. कोपऱ्यात जाऊन स्वतःच फुंकर घालत बसली. शेजारीण म्हणते, किती गुणी पोर! डोंबलाची गुणी.

७ ऑक्टो.
क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, मूल रडतं, कोणीतरी धावत येतं, असं पुन्हा पुन्हा झालं की मेंदूत ते पक्कं बसतं. पहिली वर्षं त्याचीच असतात. वन्संकडे घरात सात पोरं, कोण धावणार? "अब?" विचारलं. "अभी भी होगा, इन्शाल्ला. लेकिन रोज़. वही आदमी, वही गोद."
रोज म्हणे. माझी ड्यूटी आठ ते एक, चार ते सात; तेवढा वेळ मुक्ता के.जी.त नाहीतर शेजारणीकडे. वर पोटात दुसरं, तिसरा महिना.

२५ ऑक्टो.
सतीश म्हणतो, "ताई दुसऱ्यालाही सांभाळेल. मुक्ता नाही का वाढली?" वाढली! कुंडीतली तुळसही वाढते. नवरा म्हणून काही बोलवत नाही, पण…
रोल्लाच्या बाजारातून कोऱ्या कॅसेटींचं पाकीट घेऊन आला. दहा. बाळासाठी. मुक्ताने एकेक उलटून पाहिली. "यातली बाळाची आई कुठली?"
सतीश हसला. हसू कसं येतं या माणसाला!

९ नोव्हें.
राजीनामा टाइप केला. नोकरी सोडायची, दोघांना मांडीवर वाढवायचं. फ्लॅट माझ्या कंपनीचा. सतीश म्हणतो, "सोडलीस तर घर खलास. तू आणि मुलं साताऱ्याला." म्हणजे पुन्हा वन्संचंच घर. पण मी असेन ना तिथे. मॅनेजरच्या केबिनपर्यंत दोनदा गेले. दोन्हीदा भलत्याच फायली देऊन आले. भित्री मेली.

१६ नोव्हें.
राजीनाम्याचं पाकीट अजून पर्समध्येच. कोऱ्या कॅसेटी कपाटात.
आज टेपच्या बॅटऱ्या संपल्या. मुक्ता नुसती बटण दाबत राहिली. बघवेना. रिमोटमधल्या काढून मीच घालून दिल्या. आईचा आवाज सुरू झाला, तशी माझ्याकडे वळून हसली. पहिल्यांदा.
के.जी.त शिकलेलं म्हणाली, "थँक यू, आंटी."