बी झडायच्या आधी

माळेवाडी, ता. जळकोट
४ ऑक्टोबर १९९९

ती. विशाखाताईस,
विनूचा स. जयभीम वि. वि.

दुसरं कुणी सांगायच्या आधी मीच कळवतो. काल गौतमीच्या भावाचा, पंढरीचा हात मोडला. मीच मोडला, कुऱ्हाडीच्या दांड्यानं. हाड वाजलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. बी झडायच्या आधी कुरणाला विळा लावायचा न्हाई, ही आपल्या आज्यानं गावाला घातलेली शपथ. अन् हा हिरवं पवना गवत सपासप कापून राहिला होता! मारवेल, शेडा, कुर्डू, सगळं आडवं. भूकंपात किल्लारीकडची मुकी जनावरं ह्याच गवतावर जगली. मी आडवा गेलो तर म्हणला, लातूरचा क्लास सोडून माझ्या बहिणीमागं पळून आलास, तू गवताचं काय सांगतो? मग डोकं फिरलं. गौतमी धावत आली, माझ्याकडं पाहिलंबी न्हाई. ताई, तिला दोन ओळी लिही ना. बाबा देगलूरला गेलेत, आल्यावर शाबासकी देतील.

लोभ फाटला असंल तर टाका घालून ठेव.
तुझा विनू

नांदेड, ९ ऑक्टोबर

चि. विनोदास अ. उ. आ.

गाढवा, मी दवाखान्यात दिवसभर मोडलेली हाडं बांधते, आता घरचीही आली. पंढरीला बाबांनीच कापायला सांगितलं होतं. गेल्या साली वणव्यानं अर्धं कुरण खाल्लं, तेव्हा तू लातुरात होतास. म्हणून गावानं ठरवलं, सडकेच्या कडेचा दहा हात पट्टा हिरवा असतानाच कापायचा, म्हणजे आग आत शिरत नाही. शपथ तेवढ्यापुरतीच मोडायची. उरलेला पट्टा आता तू काप, आणि पंढरीच्या पाया पड. गौतमीला मी अक्षरही लिहिणार नाही.

शहाणा झालास तर माया आहेच.
विशाखा

माळेवाडी, ३१ ऑक्टोबर

ती. ताईस स. जयभीम वि. वि.

पट्टा कापला न्हाई. पाया पडायचं जिवावर आलं, म्हणून विळाबी उचलला न्हाई. परवा दुपारी सडकेवरनं आग घुसली. लावे पेटलेल्या पंखांनी उडाले अन् पडले तिथलं गवत पेटलं. पंढरी एक हात गळ्यात बांधून दुसऱ्यानं लिंबाच्या डहाळीनं आग बडवत होता. त्याच्या भुवया गेल्या, माझे तळवे. बाबांनी गावादेखत माझ्या कानफटात दिली.

पंढरीनं कापलं होतं तिथंच आग थांबली. त्यामागचा तुकडा तेवढा उभा हाय. पुढल्या सालाचं सगळं बी त्यातच. झडेपर्यंत राखण आम्हा दोघांकडं. गौतमी भाकर आणते, माझ्याकडं पाठ करून बसते अन् भावाला घास भरवते.

मी पाया पडलो. तो म्हणला, बी तुडवू नको, बाजूला हो.

लोभ मागायला तोंड न्हाई. माझ्या वाटचा त्याच्यावर ठेव.
विनोद