डाव्या मुठीतली मोहरी

प्रिय निशी,

देशभर चेटकीण म्हणून प्रसिद्ध झालीस, तरी आधी जेवून घे, मग हे वाच. फोनच केला असता, पण तो समोर भाग्यलक्ष्मीच्या घरात आहे, आणि तिथे आता मी पाऊल टाकत नाही.

केबल आली तेव्हा आख्ख्या नल्लकुंट्यात मीच मिरवत होते. शुक्रवारी तुमची चेटकिणींच्या घराण्याची मालिका लागली की भाग्यलक्ष्मी बाळाला घेऊन आपल्याकडेच यायची. धाकटी चेटकीण, म्हणजे तू, सगळ्यांत गोड, असं म्हणायची. तुझे बाबा म्हणायचे, पोरगी आईवर गेली. मीही हसायचे.

मागच्या महिन्यातला तो भाग आठव. मीठ-मोहरी-मिरच्या डाव्या मुठीत घेऊन, कोपर पोटाशी धरून तू मालिकेतल्या त्या बाळावरून ओवाळलंस, आणि पुढच्याच दृश्यात बाळ निपचित पडलं. अगं, तशी मूठ जगात एकच बाई धरते. उजवा खांदा निखळला तेव्हापासून मी अशीच दृष्ट काढते, तू बघतच मोठी झालीस. कौतुकानेच केलं असशील, मला ठाऊक आहे. पण भाग्यलक्ष्मीने आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि चहा तसाच ठेवून उठली. तिच्या बाळाची दृष्ट मी रोज तिन्हीसांजेला काढत होते.

आता त्या बाळाला ताप आहे. डॉक्टर मलेरिया म्हणाले, औषधही चालू आहे. पण गावाहून तिची सासू आली आहे, आणि तिला मलेरिया कळत नाही, भानामती कळते. काल आपल्या दारात उभी राहून म्हणाली, "हमारे गाँव में ऐसी औरतां के दाँतां निकाल देतें, अम्मा." आवाजसुद्धा चढवला नाही मेलीने. तिचे भाऊबंद रविवारी येणार आहेत. बाबा पोलिसांत जाऊ म्हणतात. पोलीस दोन दिवस उभे राहतील, शेजार जन्माचा आहे. मी कुणाला भिणारी नव्हे, पण आता भरदिवसा कडी लावून बसते. समोर बाळ रडलं की सवयीने मोहरीचा डबा काढते आणि तसाच परत ठेवते.

म्हणून लिहिते आहे. तू ये. काहीही कर, पण शनिवारी नामपल्ली स्टेशनला उतर, बाबा घ्यायला येतील. रविवारी ती माणसं आली की तोंड धुऊन, साध्या साडीत, सगळ्यांसमोर अंगणात पाटावर बस. मी याच डाव्या हाताने तुझी दृष्ट काढीन. माझ्या हाताला विष असेल तर ते माझ्या लेकीला आधी बाधू दे. मग उठून त्यांच्याच घरी जा आणि चहा माग, पूर्वी मागायचीस तसा. ते काय करतील, मला माहीत नाही. पण एक नक्की, हे मी फक्त त्यांना दाखवायला करणार नाही. एवढे लोक दर शुक्रवारी तुझ्याकडे टक लावून बघतात, आणि मी लोकाच्या बाळाची रोज काढत राहिले, तू टीव्हीवर दिसायला लागल्यापासून तुझी एकदाही काढली नाही.

तुझीच,
आई